उत्तरपक्षाआधी सुट्टी लागली

गोरखी, लश्कर, ग्वाल्हेर
२४ सप्टेंबर २०२५

अवंतिके,

आशीर्वाद घे. मावशीच्या पोटी माझ्यानंतर तीन वर्षांनी जन्मलीस, एवढ्या एका पुण्यावर तुला ते आजवर फुकट मिळत आले. आज मात्र मोबदल्यात काम आहे.

मी इतिहास शिकवायला लागलोय. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या श्रुती मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी मिळेना. तेव्हा प्राचार्य विक्रमसिंह यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाले, "पंडितजी, संस्कृत भी पुराना, हिस्ट्री भी पुरानी. आप ही संभाल लीजिए." या युक्तिवादात कोणता हेत्वाभास आहे ते मी त्यांना सांगू शकलो असतो, पण चहा पिऊन झाला होता.

वर्ग अकरावीचा आणि धडा चीनचा. साम्यवादी क्रांती, मग ती 'मोठी झेप', मग सांस्कृतिक क्रांती. माझी चीनशी ओळख तुला ठाऊक आहे. ह्युएन त्संग इकडे येऊन संस्कृत शिकून गेला. त्यानंतर त्या कामासाठी तिकडून फारसं कोणी आलं नाही, म्हणून मीही लक्ष ठेवणं सोडलं. तू शिष्यवृत्तीवर दोन वर्षं बीजिंगला राहून आलीस आणि पुण्याच्या कॉलेजात पोरांना चीन शिकवण्यात अर्धं आयुष्य घातलंस. तेव्हा सांग, कुठून सुरुवात करू?

आणखी एक. वर्गात शिखा नावाची मुलगी आहे. शिंदे की छावनीतल्या मानसिंगरावांची नात. घराणं जुन्या फौजेतलं. आता तिचे वडील सूर्याजीराव ट्रॅक्टरची एजन्सी चालवतात. घरच्यांचं म्हणणं होतं की तिनं कॉमर्स घ्यावं. तिनं हट्टानं इतिहास घेतला आणि वडिलांनी 'बघू एक वर्ष' म्हणून सोडून दिलं. बाकीचा वर्ग मी बोलतो ते लिहून घेतो. ही लिहीत नाही, ऐकते. संस्कृतच्या तासाला अशी विद्यार्थिनी मला उभ्या नोकरीत मिळाली नाही आणि इतिहासात पहिल्याच आठवड्यात मिळाली, याचा मला थोडा रागच आहे. पण ते एक वर्ष माझ्या हातून वाया जाऊ नये असं फार वाटतं.

टिपणं पाठव. शामला विचारते आहे की तू अजून काड्यांनी जेवतेस का.

तुझा
गुरुदादा


पुणे
३० सप्टेंबर

गुरुदादा,

हसून झालं. दोन दिवस लागले.

फोन करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य संपवू देत नाहीस. पत्रात तुझा नाइलाज असतो.

तू काय करशील ते मी इथून सांगते. क्रांतीचं साल सांगशील, मग चीनची भिंत, मग रेशीम, मग ह्युएन त्संग पुन्हा एकदा. आणि मेलेल्या माणसांच्या पानावर आलास की घंटेची वाट बघत बसशील, कारण तुला तसलं काही बोलवत नाही. आजीच्या तेराव्यालासुद्धा तू स्वयंपाक्याला सूचना देत होतास. तर ते पान गाळायचं नाही. त्या पानासाठीच हा धडा आहे.

पण सुरुवात तिथून नको. आमच्या कॉलेजातल्या एका गृहस्थांनी पहिल्याच तासाला उपासमार, मारझोड आणि आकडे असा मारा केला. मुलं सिनेमाला बसावीत तशी सरसावून बसली. शेवटी एकानं विचारलं, "सर, ते लोक असे वेडे का होते?" ते वेडे नव्हते हेच तर शिकवायचं होतं.

म्हणून आधी हे सांग की लोक क्रांतीच्या मागे का गेले. जमीनदाराच्या घरी जाणारं अर्धं पीक, लहानपणीच बांधून मोडलेली बायकांची पावलं, दुष्काळात विकलेल्या मुली, जपान्यांचं युद्ध. १९४९ साली माणसं रस्त्यावर नाचली ती कोणी पाठीला बंदूक लावली म्हणून नव्हे. हे मुलांना मनापासून पटू दे. मग पुढचं सांग.

टिपणं सोबत आहेत. आणि हो, मी हातानं जेवते. मासे मात्र काड्यांनी.

अवंती


ग्वाल्हेर
१६ ऑक्टोबर

अवंतिके,

तू जे सुचवलंस ते वाचून मला हायसं वाटलं. पुण्यात तुम्हाला हे नव्यानं सापडलं असेल, आमच्या शास्त्रात त्याला फार जुनं नाव आहे: पूर्वपक्ष. ज्याचं खंडन करायचं त्याचं म्हणणं आधी आपणच मांडायचं, आणि असं मांडायचं की खुद्द प्रतिपक्षानं म्हणावं, मलाही इतकं नीट जमलं नसतं. हातचं राखायचं नाही. मध्येच डोळा मारायचा नाही. तो पुरा झाला की मग उत्तरपक्ष, त्याचं उत्तर. काशीला आमचे गुरुजी नास्तिकांचा पूर्वपक्ष असा मांडत की दोन विद्यार्थी संध्या सोडून बसले होते.

तर मी आठवडाभर पूर्वपक्ष केला. स्वतःची स्तुती करू नये असं म्हणतात, पण दुसरं कोणी करत नसेल तर काय करावं? पहिल्या दिवशी मी हूनान प्रांतातला भूमिहीन शेतकरी झालो. दुसऱ्या दिवशी पावलं बांधलेली सून झालो; त्याला मुलं थोडी हसली, पण लवकर थांबली. मग जमिनीचं वाटप, बायकांना घटस्फोटाचा हक्क, अक्षरओळख. मग ती 'मोठी झेप': पंधरा वर्षांत इंग्लंडला मागे टाकू, घरोघरी पोलादाच्या भट्ट्या पेटवू, सगळं गाव एका पंगतीला जेवेल. आणि शेवटी १९६६. तरुण मुलांना सांगितलं गेलं की बंड करणं योग्य आहे, मोठ्यांना जाब विचारा, गळ्यात पाटी घालून चारचौघांत चूक कबूल करायला लावा. इथे वर्गाचे डोळे काय चमकले म्हणतेस. शेवटच्या बाकावर समरजीत नावाचा मुलगा बसतो. माझ्या तासाला तो नेमानं झोपतो. तोही जागा होता.

शिखानं हात वर केला. "सर, हे आपल्या इथे का नाही झालं?" मी म्हटलं, उत्तम शंका. एवढंच म्हणालो. पूर्वपक्षात याहून जास्त बोलायची मुभा नसते.

तेवढ्यात घंटा झाली आणि दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर उत्तरपक्ष: दुष्काळ, चाबूक, सगळं. घाई नाही. पूर्वपक्ष थोडा मुरलेला बरा.

बाड्याच्या चौकातल्या पोस्टात हे टाकून तसाच मिठाई घ्यायला जातो. शामलाचे अनारसे यंदा तळताना विरघळले. हे मी लिहिलं असं तिला सांगू नकोस.

गुरुदादा


पुणे
लक्ष्मीपूजन, २१ ऑक्टोबर

कॉम्रेड दादा, लाल सलाम.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, साठीच्या उंबरठ्यावर तुला क्रांती झाली. शामलावहिनीला विचारणार होते की देवघर जागेवर आहे ना. दुसऱ्यांदा वाचलं आणि फराळाचं ताट बाजूला ठेवलं.

मला एकच सांग. हा पूर्वपक्ष आहे हे तू मुलांना सांगितलंस का?

तुझ्या ग्रंथांत ते सांगायची गरज पडत नसेल, कारण वाचणारा बारा वर्षं पाठशाळेत घासलेला असतो. ही मुलं सोळा वर्षांची आहेत. सर जे सांगतात ते सरांचं मत, एवढंच त्यांना माहीत. त्यांना तू पाटी दिलीस, गळा दिलास, 'बंड करणं योग्य आहे' हेही दिलंस, आणि फराळाला घरी पाठवलंस.

लगेच कळव. अनारशांबद्दल वहिनीला सांगणार नाही, पण दर वर्षी विरघळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

अवंती


ग्वाल्हेर
२७ ऑक्टोबर

प्रिय अवंतीताई,

तुमचं पत्र आलं, पण ते यांनी वाचून पंचांगात ठेवून दिलं आणि उत्तर लिहीत नाहीत. म्हणून मीच लिहिते. यांना माहीत नाही. माझं मराठी तुम्ही समजून घ्या, शाळेपासून सगळं हिंदीत झालं माझं.

पाडव्याच्या दिवशी मानसिंगरावांच्या घरी सगळी मंडळी जमली होती. औक्षण वगैरे झालं. मग शिखानं सगळ्या भावंडांना गोळा केलं, तोच पाट पुन्हा मांडला आणि आजोबांना त्याच्यावर उभं केलं. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी घातली, 'सरंजामदार' लिहून. मान खाली घालायला लावली. आणि मग एकेक आरोप. टीव्हीचा रिमोट कोणाला देत नाहीत. गजक, ती आमच्याकडची तिळाची मिठाई, कुलपात ठेवतात. आजोबांचं जेवण होईपर्यंत आई उभी राहते, बसत नाही. प्रत्येक आरोपाला सगळी पोरं ओरडायची, कबूल करा! आणि आजोबा म्हणायचे, कबूल. बराच वेळ चाललं. सगळे लोटपोट हसले म्हणे, मानसिंगराव पण.

त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. तिथून कोल्हापूरला त्यांच्या सोयऱ्यांकडे. कोल्हापूरच्या कोणी मामांनी लिहिलं, आमच्यात वडीलधाऱ्यांना असं उभं करत नाहीत, ग्वाल्हेरला पद्धत बदलली वाटतं. बस. सूर्याजीरावांना ते फार लागलं. शाळा उघडली त्याच दिवशी शाळेत गेले. म्हणाले, हे सर मुलांना काय शिकवतात? माझ्या मुलीला कॉमर्समध्ये टाका, आजच्या आज.

प्रिन्सिपल साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, चॅप्टर बंद करा, परीक्षेपुरत्या तारखा लिहून द्या आणि संस्कृतकडे परत जा. तुम्हाला तर माहीत आहे, हे कधी कोणाला उलटून बोलत नाहीत. दुधात पाणी आलं तर दूधवाल्याला पण सुभाषित सांगतात. पण त्या दिवशी म्हणाले, "साहेब, इथे थांबलो तर मी मुलांना अर्धं सांगितलं असं होत नाही. मी त्यांना खोटं शिकवलं असं होतं."

शेवटी ठरलं की आठ तारखेला शनिवारी एक तास द्यायचा. पालक मागे बसतील. त्यानंतर शिखाचं काय ते सूर्याजीराव ठरवतील. ती पोरगी दोन दिवस घरी येऊन गेली. यांच्याकडे नोट्स मागितल्या, तुम्ही पाठवलेल्या. म्हणाली, काकू, मी गंमत केली होती.

हे जेवतात कमी आणि पानावरच विचार करत बसतात. तुम्ही यांना काही तरी लिहा. पण मी सांगितलं असं बिलकुल लिहू नका.

तुमची
शामला

ता. क. अनारशांचं यांनी लिहिलं असेलच. गूळ ओला होता.


पुणे
१ नोव्हेंबर

गुरुदादा,

मला इथे एका पक्ष्यानं येऊन सगळं सांगितलं. पक्ष्याला गुळाची चांगली पारख आहे.

न लिहिण्याबद्दल तुला जे बोलायचं ते मे महिन्यात समोर बसून बोलेन. आता कामाचं.

पूर्वपक्ष केलास याबद्दल सूर्याजीरावांची माफी मागू नकोस. नाव सांगितलं नाहीस, तेवढ्याची माग.

दुसरं, आकड्यानं सुरुवात करू नकोस. 'कोटी' म्हटलं की मुलं माणसं बघायचं सोडून शून्यं बघतात. खोटं खालून वर कसं चढत गेलं ते दाखव. गावानं सांगितलं दुप्पट पिकलं, तालुक्यानं सांगितलं चौपट, आणि सरकारनं त्या चौपटीच्या हिशेबानं धान्य उचललं. कमी पडलं तेव्हा म्हणाले, तुम्ही लपवलंय. कसं दाखवायचं ते तू बघ. तुझ्या वर्गाला तू ओळखतोस.

तिसरं शिखासाठी. बीजिंगला मला भाषा शिकवायला लिन नावाच्या बाई होत्या. फार हळू बोलायच्या. १९६६ साली त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या वर्गानं गणिताच्या शिक्षकांना अंगणात उभं केलं होतं. त्यांनी मला ते एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. शिक्षकांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आम्ही उनाड मुली नव्हतो. आम्ही पहिल्या बाकावरच्या होतो."

हे शिखाला सांगायचं की नाही ते तू ठरव. पण तिला घाबरवू नकोस. तिनं आजोबांना पाटावर उभं केलं. आजोबा संध्याकाळी गजकाचं कुलूप लावायला मोकळे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

जेवत जा.

अवंती


ग्वाल्हेर
११ नोव्हेंबर

अवंतिके,

त्या पक्ष्याला मी ओळखलं. सध्या तो माझ्याकडे पाठ करून भाजी चिरतो आहे.

शनिवार पार पडला. क्रमानं सांगतो, मध्ये बोलू नकोस. पत्रात तुझाही नाइलाज आहे.

मागच्या बाकांवर पालक बसले होते. मधोमध सूर्याजीराव, हाताची घडी घालून. शेजारी मानसिंगराव, फेटा बांधून. त्यांना शाळेत बोलावलं याचाच आनंद झाला होता. कोपऱ्यात विक्रमसिंह. आधी मी वर्गाची माफी मागितली. म्हटलं, दिवाळीआधी मी जे बोललो ते क्रांतीचं वकीलपत्र होतं, निकाल नव्हे, आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. समरजीतनं विचारलं की म्हणजे ते सगळं खोटं होतं का. म्हटलं, नाही, म्हणूनच तर पंचाईत आहे.

मग मी विषय बदलल्यासारखं केलं. विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत रोज कोणी किती तास अभ्यास केला? पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, दोन. मी तोंड वाकडं केलं आणि फळ्यावर लिहिलं. पुढचा म्हणाला, चार. मी म्हटलं, वा, आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच्या पुढचीला सहाच्या खाली येणं शक्यच नव्हतं. मागे आईबाप बसलेले, टाळ्या चाललेल्या. आकडा बाकांवरून सरकत सरकत समरजीतपर्यंत पोचला तेव्हा चौदा झाला होता. विक्रमसिंहांनी तर कौतुकानं मान डोलावली. हा शिक्षक फुकट नाही असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

मी म्हटलं, उत्तम. इतका अभ्यास झालाच आहे, तर सोमवारी पूर्ण पुस्तकाची परीक्षा. जो नापास होईल त्यानं केलेला अभ्यास मुद्दाम लपवून ठेवला असं धरलं जाईल आणि त्याची शिक्षा वेगळी.

काय गोंधळ झाला म्हणतेस. एकजण तर उभाच राहिला की सर, आम्ही सुट्टीत पुस्तक उघडलंच नाही. मी म्हटलं, फळ्यावर तर तसं नाही. फळ्यावर जे आहे ते प्राचार्यांनी पाहिलंय, ते आता बदलता येत नाही. पालकसुद्धा हसत होते.

हसू ओसरायच्या आत मी चीनची गोष्ट सांगितली. अभ्यासाच्या जागी तांदूळ ठेवला, बाकांच्या जागी गावं. बाकी काही बदललं नाही. मोजायला साहेब येणार म्हणून दहा शेतांतलं पीक उपटून एका शेतात दाटीनं लावायचे आणि फोटो काढायचे, तेही सांगितलं. त्याला एक बारीक हसू आलं आणि मध्येच विरलं.

शिखानं विचारलं, "सर, धान्य नव्हतंच, तरी उचललं?"

"जे होतं ते उचललं. बियाण्यासकट."

"मग त्यांनी काय खाल्लं?"

मी सांगितलं. पाला, झाडांच्या साली, आणि मग तेही संपलं. अवंती, मी थांबलो त्या पानावर. घंटेकडे बघितलं नाही. विक्रमसिंहांनी कोपऱ्यातून हळूच विचारलं की किती लोक गेले असतील. मी म्हटलं, दीड कोटी म्हणणारे अभ्यासक आहेत, साडेचार कोटी म्हणणारेही आहेत. पुष्कळांचा अंदाज तीन कोटींच्या आसपास जातो. ग्वाल्हेरसारखी किती शहरं होतात ते मुलांनी मनात केलं. काहींचे ओठ हलत होते. मग आपोआप थांबले.

मी समरजीतला विचारलं, "तू तरी शून्य का नाही म्हणालास? खरं तर शून्यच होतं ना?"

त्यानं फळ्यावरच्या चौदाकडे पाहिलं. "सर, सबने ताली बजाई थी. मैं अकेला ज़ीरो कैसे बोलता?"

यापुढचा उत्तरपक्ष मी केला नाही. आमच्यात रीत अशी की पूर्वपक्ष ज्याला सगळ्यात जास्त पटला त्यानंच उत्तरपक्ष मांडावा. शिखा उभी राहिली. तुझी टिपणं तिनं पुरी वाचली होती. १९६६ च्या ऑगस्टमध्ये बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी आपल्या उपमुख्याध्यापिकेला मारलं आणि त्या त्यातच गेल्या, हे तिनं सांगितलं. शिक्षकांच्या गळ्यातल्या पाट्यांबद्दल सांगितलं. तुझ्या लिन बाईंचं वाक्य मी तिला आदल्या दिवशी दिलं होतं, तेही तिनं म्हटलं. ती स्वतः पहिल्या बाकावर बसते हे सगळ्या वर्गाला माहीत आहे.

तिनं मागे पाहिलं. "आजोबा, त्या दिवशी तुमचे गुडघे दुखत होते का?"

मानसिंगराव इतका वेळ मजेत ऐकत होते. त्यांना बहुधा वाटलं नव्हतं की आपल्याला प्रश्न येईल. फेटा जरा नीट केला आणि म्हणाले, "दुखत होते की. पण सगळी हसत होती. मग मी पण हसलो."

सूर्याजीराव चमकले. वडिलांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले की बाबा, मग तेव्हाच बोलायचं ना. वर्ग इतका शांत होता की हलक्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही.

"तुला कसा बोलू?" मानसिंगराव म्हणाले. "व्हिडिओ तर तूच काढत होतास."

हे मला माहीत नव्हतं. शामलालाही माहीत नव्हतं. विक्रमसिंहांना एकदम खोकला आला. सूर्याजीरावांनी हाताची घडी सोडली आणि हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. कोणीही हसलं नाही, आणि मला वाटतं मानसिंगरावांनाच ते सगळ्यात जास्त अवघड झालं, कारण बाहेर पडताना ते नातीला सांगत होते की तसं फार नव्हतं दुखत, आणि रिमोटचा आरोप मात्र खोटा होता. शिखा रडत होती आणि म्हणत होती की रिमोटचा खराच होता.

सोमवारी शाळा भरायच्या आधी सूर्याजीराव आले. शिखा बरोबर होती. एका मुलीचं वर्ष माझ्या हातानं गेलं असतं तर मी त्यानंतर कोणाला विभक्तीसुद्धा शिकवू शकलो नसतो. ते उभ्याउभ्याच म्हणाले की तिला इतिहासात राहू दे, त्यांची हरकत नाही, बारावीतही. घरी दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही, आणि आदल्या रात्री तिची आई आजोबांबरोबर पानावर बसली. कोणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, फक्त एक विनंती आहे. पुढच्या वर्षी हा धडा उलटा घ्या. आधी लोक कसे मेले ते सांगा, क्रांतीचं चांगलं मागून. म्हणजे कोणाच्या घरी असं होणार नाही.

मी मान हलवणारच होतो. बाप बोलत होता, आणि माझी चूक मला माहीत होती.

शिखा म्हणाली, "नको सर. आधी तेच ऐकलं असतं, तर मला वाटलं असतं की हे दुसऱ्या कोणाबद्दल आहे."

सूर्याजीरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "जैसे पढ़ाते हैं वैसे ही पढ़ाइए, सर." आणि तिचं दप्तर, जे इतका वेळ त्यांनीच धरलं होतं, तिच्या हातात देऊन गेले.

तुझा
गुरुदादा